पुणे रीजन बंद पडला तर आमचे व्हर्च्युअल डेस्कटॉप आपोआप चेन्नईत सुरू होतील का?

आपला प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कंपनीचे ७० व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या यंत्रावर चालणारे आणि इथे फक्त पडद्यावर दिसणारे विंडोज, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडच्या पुणे रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात, आहेत. त्यांपैकी ५५ डेस्कटॉप हिशेब, खरेदी, नियोजन आणि डिस्पॅचचे लोक सामायिक वापरतात. उरलेले १५ डिझाइन विभागातल्या प्रत्येकाला नेमून दिलेले, ग्राफिक्स कार्डाचे आहेत. पुण्यात मोठा बिघाड झाला तर हे सगळे चेन्नईत आपोआप सुरू होतील का, आणि ‘क्लाउड आहे, ते सगळे आपोआप होते’ या पुरवठादाराच्या शब्दावर विसंबावे का, असे आपण विचारले आहे.

सरळ उत्तर द्यायचे तर, नाही. अर्धा भाग आपोआप होतो आणि तो अर्धा भाग आपल्या ताब्यातच नसतो. उरलेला अर्धा कोणीतरी आधी बांधून ठेवावा लागतो, आणि तो बांधल्याचा उल्लेख आपल्या प्रश्नात कुठेच नाही, म्हणून तो बांधलेला नाही असे मी धरून चालतो. मी नाशिकमध्ये बावीस वर्षे हे काम करतो आहे. त्यातली पहिली बरीच वर्षे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या सर्व्हरच्या खोल्यांत गेली, आणि ॲझ्युअरची ही व्हर्च्युअल डेस्कटॉपची सेवा ३० सप्टेंबर २०१९ रोजी सर्वांसाठी खुली झाल्यापासून बहुतेक वेळ याच डेस्कटॉपांवर जातो. माझा अनुभव असा आहे की, लोक डेस्कटॉप वाचवण्याची योजना करतात, पण डेस्कटॉप ही या व्यवस्थेतली सर्वांत सहज पुन्हा उभी करता येणारी वस्तू आहे. अडते ते त्याच्यामागच्या फायली, परवाने, पत्ते आणि ओळख यांपाशी.

आधी ‘आपोआप’ म्हणजे काय ते पाहू. आपला माणूस सकाळी चिन्हावर क्लिक करतो तेव्हा त्याची ओळख मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा सेवेकडून तपासली जाते. नंतर कनेक्शन ब्रोकर त्याच्यासाठी मोकळे यंत्र निवडतो आणि गेटवेमार्फत पडदा त्याच्यापर्यंत पोहोचतो. ब्रोकर, गेटवे आणि लॉगिनचे पान ही यंत्रणा मायक्रोसॉफ्ट चालवते, ती अनेक ठिकाणी पसरलेली आहे, आणि तिच्यातला एखादा भाग पडला तर दुसऱ्याकडे वळवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. पुरवठादाराचे वाक्य इतक्यापुरते खरे आहे. परंतु ज्यावर प्रत्यक्ष विंडोज चालते ती यंत्रे, म्हणजे सेशन होस्ट, आपल्या नावावर, आपल्या नेटवर्कमध्ये आणि आपण निवडलेल्या एकाच रीजनमध्ये असतात. तो रीजन गेला की ब्रोकर जागा असतो, पण त्याच्याकडे द्यायला यंत्र नसते. आणखी एक गोष्ट लोकांना सांगावी लागते. चालू सेशन जिवंत अवस्थेत एका रीजनमधून दुसऱ्यात जात नाही. पडदा गोठतो, ‘पुन्हा जोडत आहे’ असे दिसत राहते, आणि जतन न केलेले काम गेलेले असते. फेलओव्हर म्हणजे दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या यंत्रावर नव्याने केलेले लॉगिन, त्याहून अधिक काही नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक विषयांतर, कारण ते वेळ वाचवते. ‘पुण्याचा क्लाउड पडला’ असे सांगणारे जितके फोन मला आजवर आले, त्यांपैकी बहुतेक वेळा पुणे ठणठणीत होते. कधी गेटबाहेर जेसीबीने फायबर तोडलेली असते, कधी कारखान्यातल्या स्विचचा वीजपुरवठा गेलेला असतो, तर कधी पासवर्डची मुदत संपून चार जणांचे खाते एकाच सकाळी अडकलेले असते. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते खोदले जात असताना हे वाढणार, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे पहिली तपासणी अगदी साधी ठेवा. एकाने मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लॉगिन करून पाहावे. ते झाले तर दोष आपल्या दारापाशी आहे, आणि त्यावरचा उपाय चेन्नई नसून वेगळ्या मार्गाने आलेली दुसरी इंटरनेट लाइन आहे. दोन कंपन्यांच्या लाइनी एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच लाइन समजावी.

आता बिघाडाच्या आकाराबद्दल, कारण प्रत्येक आकाराचा उपाय आणि खर्च वेगळा आहे. एखादे यंत्र पडले तर सामायिक गटात त्याचे फारसे वाटत नाही, लोक पुन्हा लॉगिन करून शेजारच्या यंत्रावर जातात. त्यापुढचा आकार झोनचा. पुणे रीजनमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र वीज, शीतकरण आणि नेटवर्क असलेले झोन आहेत, आणि डेटा सेंटरचे बरेच मोठे बिघाड एका झोनपुरते राहतात. ३० ऑगस्ट २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व रीजनमध्ये वीजदाब क्षणभर खाली गेला, शीतकरणाची यंत्रे बंद पडली, आणि उष्णता वाढू नये म्हणून सर्व्हर बंद करावे लागले. हे सगळे एका झोनमध्ये घडले. ज्यांची यंत्रे सर्व झोनमध्ये विभागलेली होती त्यांचे काम मंदावले, आणि ज्यांचे सर्व काही त्याच झोनमध्ये होते ते खोळंबले. आपली ५५ माणसांची यंत्रे कशी मांडली आहेत हे पुरवठादाराला आजच विचारा. ती झोनमध्ये वाटणे आणि प्रोफाइलचा, म्हणजे प्रत्येकाच्या सेटिंग्जचा, साठा वेगवेगळ्या झोनमध्ये प्रती ठेवणाऱ्या प्रकारात हलवणे, हे दुसरा रीजन उभा करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. माझ्याकडे दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील तर मी डोळे मिटून हे आधी करीन.

संपूर्ण रीजन जाणे दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. ४ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ॲझ्युअर रीजनला वादळातल्या विजेचा फटका बसला, शीतकरण गेले, यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाली आणि काही सेवा परत यायला जवळपास दिवस लागला. या घटनेतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ॲझ्युअर डेव्हऑप्स चमूची (प्रोग्रामरांसाठीची) सेवाही त्या दिवशी बंद होती. साठ्याची दूरच्या रीजनमधली प्रत मूळ साठ्याच्या किंचित मागे असते, आणि तिकडे वळल्यास मधला काही डेटा कायमचा जाईल, म्हणून त्यांनी न वळता वाट पाहणे पसंत केले. ज्यांनी ही व्यवस्था बांधली तेच फेलओव्हर टाळतात, तर ‘बटण दाबले की चेन्नई’ हे आपल्यासाठी इतके सोपे कसे असेल?

आणि एक बिघाड असाही असतो, ज्याला दोन रीजन असले तरी उपयोग नसतो. १५ मार्च २०२१ रोजी ओळख तपासणारी सेवाच जगभर कोलमडली होती. २९ ऑक्टोबर २०२५ रोजी ॲझ्युअरच्या फ्रंट डोअर या वेबची वाहतूक वळवणाऱ्या सेवेतल्या एका चुकीच्या बदलामुळे ॲझ्युअर सांभाळण्याचे पोर्टलसुद्धा काही काळ धड उघडत नव्हते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे पाडली, आणि यंत्र कोणत्या गावात आहे याची त्या अपडेटला पर्वा नव्हती. यावरून दोन सवयी मी लावून घेतल्या आहेत. दोन्ही रीजनमधल्या यंत्रांना एकाच दिवशी अपडेट द्यायचे नाही, मध्ये किमान चार-पाच दिवसांचे अंतर ठेवायचे. आणि संकटाच्या दिवशी करायच्या कामात पोर्टल उघडण्याची पायरी शक्यतो ठेवायची नाही.

आता आपल्या ५५ सामायिक डेस्कटॉपांकडे येतो. यांची मूळ प्रतिमा, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअर बसवलेला साचा, जिला आम्ही गोल्डन इमेज म्हणतो, ती ॲझ्युअरच्या प्रतिमांच्या गॅलरीत ठेवून चेन्नईलाही तिची प्रत जाईल असे करता येते. तिच्यावरून चेन्नईत यंत्रे तयार करून बंद ठेवायची. बंद यंत्राचे फक्त डिस्कचे भाडे लागते. इथवर सगळे जण पोहोचतात. पुढच्या खाचा मात्र अनुभवाने कळतात.

पहिली खाच कोट्याची. प्रत्येक रीजनमध्ये आपल्या खात्याला किती प्रोसेसर वापरता येतील याची वेगळी मर्यादा असते. पुण्यात ती वाढवून घेतलेली असते, चेन्नईत ती मूळची तेवढीच असते. दहा यंत्रे चालू होतात आणि अकरावे नकार देते. ही मर्यादा अर्ज करून वाढवून मिळते, पण शांततेच्या दिवसांत. दुसरी खाच क्षमतेची. कोटा म्हणजे परवानगी आहे, जागेची हमी नाही. पुणे पडले तर पुण्याचे सगळेच ग्राहक एकाच वेळी चेन्नईच्या दारात उभे राहणार. जागा राखून ठेवता येते, पण राखीव जागेचे भाडे यंत्र बंद असतानाही चालू यंत्राइतकेच लागते. म्हणून ५५ जणांसाठी राखू नका. पहिल्या दिवशी ज्यांच्यावाचून गाडी फाटकाबाहेर जात नाही त्यांची यादी करा. आपल्यासारख्या कारखान्यात ती बहुधा डिस्पॅच, बिले करणारे दोघे-तिघे, बँक पाहणारा एक आणि उत्पादन नियोजनातले काही जण, अशी बारा-पंधरा नावांवर थांबते. सामायिक यंत्रावर अनेक जण बसत असल्याने त्यांना दोन-तीन यंत्रे पुरतात. तेवढीच राखीव ठेवा, बाकीच्यांना जागा मिळेल तशी द्या.

तिसरी खाच थोडी गमतीची आहे. एकाच होस्ट पूलमध्ये, म्हणजे यंत्रांच्या गटात, दोन्ही गावांची यंत्रे ठेवली तर ब्रोकर रीजन पाहून वाटप करत नाही, आणि एरवीच्या दिवशीही माणूस विनाकारण चेन्नईत जाऊन बसतो. म्हणून चेन्नईचा होस्ट पूल वेगळा करावा. मग प्रश्न येतो की त्याचे चिन्ह लोकांना आधीपासून दिसू द्यावे की संकटाच्या वेळी द्यावे. आधी दिले तर कोणीतरी कुतूहलाने ते उघडतोच. ऐन वेळी द्यायचे तर पोर्टल चालू असावे लागते, आणि त्या दिवशी तेच चालू नसेल तर? मी चिन्ह आधी देतो, पण यंत्रे बंद ठेवतो आणि ‘जोडणी होताच यंत्र चालू करा’ ही सोय त्या पूलसाठी काढून टाकतो. कुतूहलाने क्लिक करणाऱ्याला यंत्र उपलब्ध नसल्याचा निरोप मिळतो आणि तो परत जातो. मात्र ही यंत्रे महिन्यातून एकदा चालू करून अपडेट द्यावीच लागतात. ती सलग तीन महिने बंद राहिली तर सेवेशी असलेली त्यांची नोंदणीही शिळी होते, आणि ज्या दिवशी गरज आहे त्याच दिवशी ती ओळख विसरलेली सापडतात.

यानंतर प्रोफाइल, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. सामायिक डेस्कटॉपावर माणसाची सेटिंग्ज, आउटलुकची साठवण वगैरे एफएसलॉजिक्स नावाच्या व्यवस्थेत, एका आभासी डिस्कच्या फायलीत असते. लॉगिन होताना ती फाइल साठ्यावरून यंत्राला जोडली जाते. ही फाइल चेन्नईत कशी न्यायची? ॲझ्युअर फाइल्स या फायलींच्या साठ्याच्या सेवेत वेगवान प्रीमियम प्रकाराला दूरच्या रीजनमध्ये प्रत ठेवण्याची सोयच नाही. त्यात प्रती त्याच जागी किंवा त्याच रीजनच्या वेगवेगळ्या झोनमध्ये ठेवता येतात, बस. साध्या प्रकाराला दूरची प्रत मिळते. ती सहसा पंधरा मिनिटांच्या आत मागे असते, परंतु त्याची हमी नाही, आणि एकदा तिकडे वळलात की तो साठा तिथे एकाच जागी प्रती ठेवणारा साधा साठा होऊन बसतो, म्हणजे दूरची प्रत पुन्हा नव्याने बांधावी लागते. तिसरा मार्ग क्लाउड कॅशचा. त्यात यंत्र स्वतःकडे प्रत ठेवून दोन्ही गावांच्या साठ्यांवर लिहीत राहते. तो चालतो, पण यंत्राला चांगली वेगवान डिस्क लागते, आणि संध्याकाळी लॉगआउट करताना उरलेले लेखन पूर्ण होईपर्यंत लोकांना थांबावे लागते. मी एका ठिकाणी तो सरसकट सगळ्यांना लावला आणि महिनाभर ‘सहाची बस चुकते’ या तक्रारी ऐकल्या.

त्यामुळे माझे मत आता असे झाले आहे की प्रोफाइल वाचवण्याच्या मागे लागू नये, प्रोफाइलमध्ये वाचवण्यासारखे काही राहणार नाही अशी व्यवस्था करावी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हकडे वळवावेत. मेल तर मुळातच सर्व्हरवर असते. मग चेन्नईत माणसाला कोरे प्रोफाइल मिळाले तरी त्याच्या फायली आणि मेल थोड्या वेळात खाली उतरतात. पार्श्वभूमीचे चित्र आणि ब्राउझरमधल्या खुणा जातील. दोन-तीन दिवसांसाठी हे सोसावे असे मी बहुतेकांना सांगतो. ज्यांच्या ॲप्लिकेशनची मांडणी प्रोफाइलमध्ये फार खोल गेलेली असते अशा मोजक्यांना क्लाउड कॅश द्यावे.

परंतु या सर्वांहून मोठा प्रश्न डेस्कटॉपाबाहेरच्या फायलींचा आहे. आपली टॅली, ड्रॉइंगचा संग्रह आणि एखादा डेटाबेस कुठे आहे, हे आपण लिहिलेले नाही. ते पुण्यातल्याच फाइल सर्व्हरवर असेल तर चेन्नईत उठलेला डेस्कटॉप म्हणजे चावी नसलेली तिजोरी. उलट, पुणे अर्धेच पडले आहे आणि फाइल सर्व्हर जिवंत आहे, म्हणून चेन्नईच्या डेस्कटॉपावरून पुण्याची टॅली उघडावी, असे कोणी सुचवील. ते करून पाहिलेले आहे. फायलींवर चालणारे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या हजारो विचारणा करते, आणि दोन गावांमधल्या अंतराने प्रत्येक विचारणेला विलंब जोडला की व्हाउचर उघडायला चहा पिऊन यावा लागतो. पडदा नाशिकहून चेन्नईला गेला तर फार फरक पडत नाही, १५० मिलिसेकंदांपर्यंतचा फेरा डेस्कटॉपाला चालतो आणि चेन्नई त्याच्या बरीच आत आहे. डेस्कटॉप आणि डेटा मात्र एकाच गावात असले पाहिजेत. जातील तर दोघे मिळून, राहतील तर दोघे मिळून.

इथे नेहमीचे दोन आकडे ठरवावे लागतात. किती वेळाचे काम गेलेले चालेल, हा आरपीओ, आणि किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, हा आरटीओ. (नाशिकमध्ये आरटीओ म्हटले की मालकांच्या डोळ्यांसमोर पेठ रोडवरचे कार्यालय येते, त्यामुळे बैठकीत हा शब्द मी फोड करून सांगतो.) सगळ्या कंपनीसाठी एकच आकडा काढू नका. बिलांचा डेटा पंधरा मिनिटांहून जुना चालणार नाही, ड्रॉइंगचा संग्रह काल रात्रीचा चालेल, आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ आठवड्याने आले तरी कोणी विचारणार नाही. शून्य आणि शून्य असे आकडे मागितले तर मिळतात, पण त्याचे बिल पाहून बैठक तिथेच संपते.

डिझाइनच्या १५ डेस्कटॉपांची गोष्ट वेगळी आहे. ती प्रत्येकाची स्वतःची यंत्रे आहेत, त्यांत सॉफ्टवेअर हाताने बसवलेले असते, त्यामुळे प्रतिमेवरून नवे यंत्र काढून भागत नाही. यांच्यासाठी ॲझ्युअरची साइट रिकव्हरी ही सेवा वापरता येते. ती डिस्कमधले बदल चेन्नईला पाठवत राहते आणि दर पाच मिनिटांनी परत जाता येईल असा टप्पा नोंदवते. तो टप्पा वीज अचानक गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत राहील तसा असतो, हे ध्यानात असू द्या. ग्राफिक्स कार्डाचे जे यंत्र आपण पुण्यात वापरता, तोच आकार चेन्नईत मिळतो का, हे आधी पाहा, कारण प्रत्येक रीजनमध्ये सगळे आकार नसतात. चेन्नईत पुण्यासारखे झोनही नाहीत. आणि परवान्यांचे विसरू नका. डिझाइन सॉफ्टवेअरचा नेटवर्क परवाना अनेकदा सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेला असतो. चेन्नईत उठलेल्या परवाना सर्व्हरचा तो पत्ता वेगळा असतो, आणि १५ सुंदर डेस्कटॉप ‘परवाना सापडत नाही’ असे सांगत बसतात. टॅलीचा परवानाही एका जागेवरून सोडून दुसऱ्या जागी सक्रिय करावा लागतो, आणि पुण्याचे यंत्र बंद असताना तिथून तो सोडणार कसा? विक्रेत्याशी हे आधी बोलून लेखी उत्तर घेऊन ठेवा.

मला प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा अडवणारी गोष्ट याहून क्षुल्लक आहे. चेन्नईतून बाहेर पडणारा इंटरनेटचा पत्ता (आयपी) पुण्याहून वेगळा असतो. बँकेच्या कॉर्पोरेट सेवेने किंवा वाहन कंपनीच्या पुरवठादार पोर्टलने आपला पुण्याचा पत्ता तेवढा मान्य केलेला असेल, तर सगळे व्यवस्थित चालू असूनही पगार जात नाही आणि एएसएन, म्हणजे माल पाठवत असल्याची आगाऊ सूचना, निघत नाही. दोन्ही रीजनमध्ये बाहेर जाण्याचा पत्ता कायमचा करून घ्या आणि दोन्ही पत्ते आजच सगळ्यांना कळवा. काही ठिकाणी नवा पत्ता मान्य व्हायला पंधरा दिवस लागतात. त्याच ओघात, कारखान्यातल्या लेबल प्रिंटरपर्यंत चेन्नईहून जाणारा व्हीपीएन बोगदा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, आहे का, दोन्ही रीजनमधले अंतर्गत पत्ते एकमेकांवर चढत तर नाहीत ना, आणि डोमेन कंट्रोलर (खाती आणि पासवर्ड सांभाळणारा आपला सर्व्हर) वापरत असाल तर त्याचा एक भाऊ चेन्नईत आहे का, हेही पाहून घ्या.

दुसरा रीजन म्हणून चेन्नईच का, सिंगापूर का नाही, असेही कोणी विचारील. ॲझ्युअरने पुण्याची जोडी चेन्नईशी लावलेली आहे हे एक कारण. दुसरे कारण असे की २०२२ मध्ये कंपनी लेखे नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत दररोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. हिशेबाचे सामान देशातच राहिलेले बरे. आपण जर पुढेमागे विंडोज ३६५ या मायक्रोसॉफ्टच्या डेस्कटॉपच्या दुसऱ्या सेवेकडे वळलात, तर तिथे दुसऱ्या रीजनमध्ये उठण्याची सोय मायक्रोसॉफ्टच पुरवते, पण तीही वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते आणि ती शेवटच्या नोंदलेल्या टप्प्यावरून उठते, चालू क्षणावरून नाही.

आता निर्णयाबद्दल. पुणे पडले हे कळल्यावर चेन्नईकडे वळायचे कधी? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, पण कोणत्या परिस्थितीवर ते सांगता येते. ७० माणसांना वळवायला, सगळे तयार असूनही, दीड-दोन तास जातात. परत यायला एक पूर्ण संध्याकाळ जाते, आणि ती अधिक जोखमीची असते, कारण चेन्नईत झालेल्या नोंदी पुण्यात आणायच्या असतात. एका ग्राहकाकडे सरावाच्या वेळी आम्ही चेन्नई चालू केले, पण पुण्याची टॅली बंद करायला विसरलो. दोघी लेखापाल दोन गावांत बसून एकाच दिवसाची व्हाउचर टाकत राहिल्या. बिलांचे क्रमांक दोन्हीकडे तेच निघाले. ते सगळे कागदावर ताळा करून जुळवायला त्यांना दोन दिवस लागले, आणि चूक माझी होती. तेव्हापासून आमच्या यादीत पहिली ओळ ‘पुण्याचा दरवाजा बंद केला का’ ही असते. पुणे अर्धवट जिवंत असेल तर ते पूर्ण बंद केल्याशिवाय चेन्नई उघडायची नाही.

मी ठेवलेला नियम असा आहे. पहिला तास काही करायचे नाही, फक्त दोष कुठे आहे ते शोधायचे आणि महत्त्वाच्या पंधरा जणांना लॅपटॉपवरून वेब मेल आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर बसवायचे. तासानंतर सेवा केव्हा येईल याचा भरवशाचा अंदाज जाहीर झालेला नसेल तर पंधरा जणांपुरते चेन्नई उघडायचे. उरलेल्यांचे दुपारी ठरवायचे. महिन्याची २० तारीख असेल आणि जीएसटीचे विवरणपत्र अडलेले असेल तर हा तास अर्ध्यावर आणायचा, आणि शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता पडले असेल तर बहुधा काहीच न करता घरी जायचे. हा निर्णय घेणाऱ्या माणसाचे नाव आधी ठरलेले असावे, आणि तो रजेवर असेल तेव्हाचे दुसरे नावही. आयटीच्या माणसावर तो टाकू नका. दोन तासांच्या नोंदी गेल्या तर चालतील का, हे उत्तर आयटीने द्यायचे नसते, ज्याच्या नोंदी आहेत त्याने द्यायचे असते.

सराव वर्षातून दोनदा करा, आणि एखाद्या शनिवारी करा. पहिल्या सरावात सगळे बिघडेल असे गृहीत धरूनच उतरा. आयटीच्या माणसाने स्वतः लॉगिन करून ‘झाले’ म्हणणे हा सराव नव्हे. डिस्पॅचच्या माणसाने चेन्नईच्या डेस्कटॉपावरून एक खरे बिल काढून ते कारखान्यातल्या प्रिंटरवर छापले, की झाले. पुरवठादाराला विचारायचा प्रश्नही मग सोपा होतो. ‘आपोआप होते का’ असे विचारू नका. ‘पुढच्या शनिवारी आम्ही पुण्याची यंत्रे बंद करणार आहोत, आपण उपस्थित राहाल का’ असे विचारा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

या सगळ्याच्या पायऱ्या, पंधरा नावे, त्यांचे मोबाइल क्रमांक, पुरवठादाराचा क्रमांक आणि आणीबाणीच्या प्रशासक खात्याचा सीलबंद लिफाफा कुठे आहे ती जागा, हे कागदावर छापून एक प्रत सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये आणि एक मालकांच्या घरी ठेवा. एका ठिकाणी मी ही योजना फार मेहनतीने लिहिली होती आणि ती शेअरपॉइंटवर नीट जपून ठेवली होती. ज्या सकाळी ती हवी होती त्या सकाळी कोणालाच लॉगिन करता येत नव्हते.